हरवलेले नगर, सापडलेली विहीर

गेल्या नाताळात ओमानमध्ये नोकरीला असलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुटीवर आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी दोन वस्तू आणल्या. एक, सलाला शहराच्या बाजारातून घेतलेली ऊदाची पुडी. दुसरी, निकोलस क्लॅप ह्या अमेरिकन लेखकाचे ‘द रोड टू उबार’ हे पुस्तक. ऊद आम्ही तीन राजांच्या सणाला मिस्साच्या वेळी धुपाटण्यात घातला आणि सारे चर्च त्या वासाने भरून गेले. पुस्तक मात्र प्रायश्चित्तकाळापर्यंत टेबलावर तसेच पडून राहिले. ते देताना तो तरुण म्हणाला होता, ‘‘फादर, कुराणात सांगितलेले शहर ह्या लोकांनी अंतराळातून शोधून काढले. मग आपले सदोम का सापडू नये?’’ उत्तर देण्याआधी पुस्तक वाचावे असे मी ठरविले. एकदा वाचले, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तरुणाला द्यावयाच्या उत्तराची थोडी लांबलेली पूर्वतयारी होय.

पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याचे पूर्ण नाव ‘उबारची वाट’ आणि त्याखाली ‘वाळूतील अटलांटिसचा शोध’ अशा अर्थाचे उपशीर्षक. ‘वाळूतील अटलांटिस’ हा शब्दप्रयोग ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या टी. ई. लॉरेन्सचा असल्याचे सांगतात. क्लॅप हे व्यवसायाने माहितीपट बनविणारे. जंगलातून नामशेष झालेले अरबी ओरिक्स हे हरिण ओमानच्या वाळवंटात पुन्हा नेऊन सोडण्यात आले, त्या कामाच्या निमित्ताने ते त्या देशात गेले आणि वाळवंटाच्या प्रेमात पडले. पुढे बर्ट्रम टॉमस ह्या इंग्रज प्रवाशाचे ‘अरेबिया फेलिक्स’ हे १९३२ सालचे पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यातील एका प्रसंगाने त्यांची पुढची कित्येक वर्षे व्यापून टाकली.

तो प्रसंग असा. टॉमस हे मस्कतच्या सुलतानाचे वजीर होते. १९३०च्या डिसेंबरात त्यांनी सलालाहून निघून ‘रुब अल् खाली’ म्हणजे अरबस्तानचा ‘रिकामा चतुर्थांश’ उंटावरून ओलांडावयास घेतला आणि १९३१च्या फेब्रुवारीत ते पलीकडच्या किनाऱ्यावर दोहा येथे पोहोचले. असे करणारे ते पहिलेच युरोपीय. वाटेत वाळूच्या टेकड्यांच्या कडेला त्यांच्या बदू वाटाड्यांनी जमिनीवरच्या रुंद, जुन्या, झिजलेल्या खुणांकडे बोट दाखविले आणि ही उबारची वाट आहे असे सांगितले. वाट सुमारे शंभर यार्ड रुंद होती आणि पुढे वाळूत शिरून नाहीशी होत होती. उबार म्हणजे संपत्तीने मातलेले आणि देवाच्या कोपाने वाळूखाली गेलेले नगर, असे वाटाड्यांचे म्हणणे. टॉमस यांच्याजवळ थांबायला वेळ नव्हता, पाणी तर त्याहून नव्हते. त्यांनी नोंद केली आणि ते पुढे गेले. क्लॅप यांनी हा प्रसंग ज्या हळुवारपणे सांगितला आहे तो वाचताना मला वाटले, की पुस्तकाचे मर्म इथेच आहे. वाट दिसते, नगर दिसत नाही.

उबार आणि कुराण ह्यांचा संबंध कसा जोडला गेला, हे समजून घेतल्यावाचून पुढची चर्चा व्यर्थ आहे. कुराणाच्या ८९ व्या सुरेत ‘आद’ नावाच्या लोकांचा आणि ‘स्तंभांच्या इरम’चा ओझरता उल्लेख आहे. हे लोक गर्विष्ठ झाले, हूद नावाच्या संदेष्ट्याचे त्यांनी ऐकले नाही आणि ते नष्ट झाले. ‘उबार’ हा शब्द कुराणात कोठेही नाही. इरम हे नगर होते की टोळी, ह्याविषयी खुद्द मुस्लिम भाष्यकारांत पूर्वापार मतभेद आहेत. स्तंभ म्हणजे राजवाड्याचे खांब, असे काहींचे मत; तंबूचे खांब, असे दुसऱ्यांचे. कोणी इरम दमास्कसला नेऊन बसविले, कोणी अलेक्झांड्रियाला. जॉर्डनमधील वादी रम येथील नबाती देवळाच्या शिलालेखांत इरम हे नाव मिळाल्यामुळे विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी ते तिकडे नेले. मध्ययुगीन कथाकारांनी मात्र ह्या दोन-तीन आयतींवर मोठा मनोरा चढविला. ‘अरबी रात्रीं’तील गोष्टीत शद्दाद नावाचा राजा स्वर्गाची नक्कल म्हणून सोन्यारत्नांचे नगर बांधतो आणि त्यात पाऊल ठेवण्याआधीच मरतो. पुढे आपला हरवलेला उंट शोधत फिरणाऱ्या एका साध्या माणसाला ते ओसाड नगर सापडते. ह्या कथांमधून इरम, आद, वबार, उबार ही नावे एकमेकांत मिसळत गेली. वबारच्या ओसाडीत एक हात आणि एक पाय असलेली ‘नस्नास’ नावाची अर्धी माणसे राहतात, अशाही गोष्टी आहेत. क्लॅप त्यांच्यात इतके रमतात की वाचकाला क्षणभर पुरातत्त्वाचा विसर पडावा. मला तो भाग आवडला. गोष्टीवर प्रेम असलेल्या माणसानेच तो लिहिला आहे.

टॉमसच्या मागोमाग दुसरा इंग्रज आला. सेंट जॉन फिल्बी हे इब्न सौद राजाचे सल्लागार, १९३० साली इस्लाम स्वीकारलेले, टॉमसने आपल्यावर बाजी मारली म्हणून मनातून खट्टू झालेले. १९३२ साली त्यांनी आपल्या बाजूने रिकाम्या चतुर्थांशात प्रवेश केला. वबार हे नगर आकाशातल्या अग्नीने जळाले आणि तिथे उंटाएवढा लोखंडाचा गोळा पडला आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. ते तिथे पोहोचले तेव्हा तटबंदीऐवजी वाळूत बुजत चाललेली विवरे दिसली. कडेने काळ्या काचेसारखे चमकणारे मणी पसरलेले होते. ते वबारच्या स्त्रियांचे मोती समजून फिल्बींच्या सोबत्यांनी वेचून घेतले. फिल्बींना आधी तो ज्वालामुखी वाटला. त्यांनी आणलेले नमुने लंडनमध्ये तपासल्यावर ते उल्कापाताचे ठरले. अलीकडच्या कालमापनाप्रमाणे ही उल्का केवळ काही शतकांपूर्वीची आहे. म्हणजे वबारची कथा तिच्या आधीपासून सांगितली जात होती. जळालेली जागा आधीच तयार असलेल्या कथेला नंतर येऊन चिकटली. हा तपशील मनात ठेवावा, त्याची गरज पुढे पडणार आहे.

क्लॅप यांच्या कथेतील सर्वांत गाजलेला भाग अंतराळयानाचा. लॉस एंजेलिसजवळच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील रोनाल्ड ब्लोम आणि चार्ल्स एलाची ह्या शास्त्रज्ञांना गाठून त्यांनी एक वेडगळ वाटणारी विनंती केली. ऑक्टोबर १९८४ मध्ये चॅलेंजर यानावरील रडारने त्या वाळवंटाचा पट्टा टिपला. पुढे लँडसॅट आणि फ्रेंच स्पॉट उपग्रहांच्या प्रतिमा त्याला जोडल्या गेल्या. जॉर्ज हेजेस हे वकील, रॅनल्फ फाइन्स हे धाडसी प्रवासी आणि युरिस झारिन्स हे मिझुरीच्या विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ मोहिमेत आले. १९९० साली पाहणी झाली, १९९१च्या अखेरीस उत्खनन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली की कुराणातील लुप्त नगर अंतराळातून सापडले.

ही बातमी तशी खरी नव्हती, आणि पुस्तक काळजीपूर्वक वाचले तर ते पुस्तकातच कळते. अंतराळातून नगर दिसले नाही, दिसल्या त्या वाटा. हजारो उंटांच्या पायांनी शतकानुशतके दाबल्या गेलेल्या जमिनीचा पोत आसपासच्या जमिनीहून निराळा असतो, आणि तो फरक उपग्रहाच्या प्रतिमांत उमटला. काही वाटा शंभर-शंभर मीटर उंचीच्या वाळूच्या टेकड्यांखाली शिरून पलीकडे निघत होत्या. अर्थात टेकड्या तिथे येण्याआधीच्या. प्रतिमांवरून जिथे नगर असावे असे वाटले, तिथे जाऊन पाहिले तर आटलेल्या तळ्यांचे काठ आणि अश्मयुगीन दगडी हत्यारे. वाटांचा धागा उलट दिशेने धरीत ही मंडळी शेवटी जिथे आली ती जागा नकाशावर पूर्वीपासूनच होती. तिचे नाव शिसर.

शिसर हे सलालाच्या उत्तरेस सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, डोंगर संपून वाळवंट सुरू होते तिथले पाणवठ्याचे गाव. टॉमस १९३०च्या प्रवासात तिथून गेले होते. विल्फ्रेड थेसिजर हेही १९४६ साली तिथे थांबले होते. पडक्या गढीचे दगड दोघांनीही पाहिले आणि दोघांनाही ते फारसे महत्त्वाचे वाटले नाहीत. झारिन्स यांनी त्या दगडांखाली खणले, तेव्हा अधिक जुन्या तटाच्या भिंती आणि बुरुजांचे पाये निघाले. दूरदेशीची खापरे निघाली, म्हणजे इथे दूरदूरची माणसे येत-जात होती. तटाच्या मधोमध प्रचंड खड्डा आहे. चुनखडकाच्या पोटात पाण्याने पोखरलेली गुहा होती. पाण्याची पातळी खाली गेली, छप्पर कोसळले आणि गढीचा एक भाग आत गडप झाला.

येथवर क्लॅप यांची कथा ऐकावी आणि दाद द्यावी. स्वतःच्या फजित्या ते मोकळेपणी सांगतात. तज्ज्ञ नसल्याची त्यांना लाज नाही आणि त्याचा तोराही नाही. चुकलेल्या वाटांचे वर्णन ते सापडलेल्या वाटेइतक्याच आवडीने करतात. माझी तक्रार सुरू होते ती खड्ड्यापाशी. नगर जमिनीने गिळले अशी लोककथा होती आणि इथे तर जमीन खरोखरच खचलेली आहे. तेव्हा उबार ते हेच, असा त्यांचा मुख्य युक्तिवाद. वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. तरीही कथा नीट तपासून पाहावी. कुराणाच्या ६९ व्या सुरेत आद लोकांचा नाश होतो तो सात रात्री आणि आठ दिवस चाललेल्या भयंकर वादळाने. ‘अरबी रात्रीं’तला शद्दाद आकाशातून झालेल्या महागर्जनेने मरतो. फिल्बींच्या वाटाड्यांचे वबार आगीने जळते. टॉमसच्या वाटाड्यांचे उबार वाळूखाली जाते. ज्याला विवर सापडले त्याने आगीची कथा उचलली. ज्याला खचलेली गुहा सापडली त्याने गिळंकृत झालेल्या नगराची. उद्या कोणाला वादळात बुजलेले खेडे सापडले, तर त्याच्यासाठीही एक कथा तयार आहे. पुरावा आणि कथा जुळल्या असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपण अनेक कथांतून जुळणारी एक निवडलेली असते, आणि निवड केली हे आपले आपल्यालाच कळत नाही.

खुद्द झारिन्स यांनी १९९६ साली एका मुलाखतीत सांगितले होते, की जुन्या ग्रंथांत उबार हे शहराचे नाव नसून प्रदेशाचे आणि तिथल्या लोकांचे आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या नकाशात ‘आयोबॅरिटाय’ असे त्या लोकांचे नाव आहे. त्याचे नगर केले ते उत्तरकालीन कथाकारांनी. उत्खनन करणाऱ्या विद्वानाचे हे मत पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या दोन वर्षे आधीचे. पुढे २००४ साली भूगर्भशास्त्रज्ञ एच. स्टुअर्ट एजेल यांनी तर हे लुप्त नगरच मिथक असल्याचा लेख लिहिला. शिसर म्हणजे एक पाणवठा आणि त्यावर पहारा ठेवणारी लहान गढी, हजारो माणसांचे शहर तिथे कधी नव्हते, असा त्यांचा सूर. क्लॅप ह्या अडचणींविषयी अगदी अनभिज्ञ आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु मुखपृष्ठावर ‘शोध’ हा शब्द छापल्यावर आतल्या पानांतील ‘कदाचित’ कोण वाचतो? शिवाय पुस्तकाच्या तिसऱ्या भागात त्यांनी उबारच्या भरभराटीचे दिवस आणि त्याचा अंत कल्पनेने रंगविला आहे. राजा, यात्रिक, व्यापारी, सगळे जिवंत. लेखन बरे आहे. मात्र उत्खननाचा अहवाल संपून कादंबरी कोठे सुरू झाली, ती शिवण इतकी बारीक आहे की आमच्या तरुणाला ती दिसली नाही, ह्याचे मला नवल वाटत नाही.

आणखी एक उणीव जाणवली. शिसरला माणसे राहत होती, त्यांची जनावरे त्या विहिरीवर पाणी पीत होती, थेसिजर आले तेव्हाही आणि त्याआधी कित्येक पिढ्याही. त्यांच्या लेखी ती जागा हरवलेली नव्हतीच. हरवली होती ती लंडनच्या आणि लॉस एंजेलिसच्या नकाशांतून. पुस्तकात बदू वाटाडे आहेत, विनोद करतात, चहा पाजतात. पण त्या जागेविषयी त्यांचे म्हणणे काय, ते आपल्याला पुरेसे ऐकू येत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. आपले सदोम का सापडू नये?

‘आपले’ हा शब्दच मला आधी बोचला. दुसऱ्याच्या धर्मग्रंथातले सापडले, मग आमच्यातले का नाही, अशी ही चढाओढ. अशा चढाओढीचा आपल्याला जुना अनुभव आहे. जॉन गार्स्टँग यांनी १९३० ते १९३६ ह्या काळात यरीहोचे उत्खनन केले आणि यहोशवाच्या वेळी कोसळलेल्या भिंती सापडल्याचे जाहीर केले. भाविकांना मोठा आनंद झाला. त्यानंतर कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ ह्या काळात तिथेच अधिक काटेकोर पद्धतीने खणले आणि त्या भिंती यहोशवाच्या काळाहून जवळजवळ हजार वर्षे जुन्या असल्याचे दाखविले. तोवर गार्स्टँग यांचे निष्कर्ष बायबलवरील कितीतरी लोकप्रिय पुस्तकांत शिरले होते, आणि तिथून ते अजून पुरते निघालेले नाहीत. सदोमचे म्हणाल तर २०२१ साली जॉर्डनमधील तल्ल अल् हम्माम हे प्राचीन नगर आकाशात झालेल्या उल्कास्फोटाने नष्ट झाले, असा निबंध एका नामांकित विज्ञान-नियतकालिकाने छापला. सदोम सापडल्याचे संदेश मोबाइलवरून घरोघर पोहोचले; माझ्याकडेच ते निदान दहा जणांनी पाठविले. २०२५ साली त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. हा दुसरा संदेश मात्र मला एकानेही पाठविला नाही.

बारावे पायस ह्यांनी १९४३ सालच्या आपल्या विश्वपत्रात बायबलच्या अभ्यासकांना सांगितले, की प्राचीन पौर्वात्य लेखक कोणत्या लेखनप्रकारात लिहीत होता हे आधी ओळखा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात हेच अधिक ठामपणे मांडले. सेमिनरीत आम्ही हे परीक्षेसाठी पाठ केले होते. पाठ केलेले अंगी लागायला वेळ लागतो, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगतो. दीक्षा मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत एका प्रवचनात मी वसईच्या भाविकांना मोठ्या आवेशात सांगितले होते, की शलमोन राजाच्या मंदिरासाठी सोने आले ते आपल्या सोपाऱ्याहून. बायबलातील ओफीर म्हणजेच सोपारा! लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरलेलो नाही. मिस्सानंतर एक वृद्ध गृहस्थ येऊन माझा हात बराच वेळ धरून उभे राहिले होते.

हे मत मी काही मनाने रचले नव्हते. राजांच्या पहिल्या पुस्तकात हिरामचे खलाशी ओफीरहून चारशे वीस किक्कार सोने आणतात. ग्रीक अनुवादात ते नाव ‘सोफीर’च्या जवळ जाते. जोसेफस ह्या यहुदी इतिहासकाराने ओफीर हिंदुस्थानच्या बाजूला दाखविले. इस्राएलमधील तल्ल कासिले येथे १९४६ साली एक खापर सापडले, त्यावर ओफीरच्या सोन्याचा उल्लेख कोरलेला आहे. तेव्हा ओफीर ही निव्वळ कविकल्पना नव्हे. पण ते कोठे, हे खापर सांगत नाही. अरबस्तान, पूर्व आफ्रिका आणि हिंदुस्थान, तिन्हीकडे बोट दाखविणारे विद्वान आहेत. सोपाऱ्याचा आपल्या हाती असलेला भक्कम पुरावा सम्राट अशोकाच्या काळाचा. शलमोन त्याच्या सहाशे-सातशे वर्षे आधीचा. मधली दरी मी नावाच्या सारखेपणाची फळी टाकून ओलांडली होती. क्लॅप यांनी खड्ड्यावर जी फळी टाकली, तीच ही फळी; त्यांची निदान उत्खननाच्या जागेवर तरी होती.

त्या प्रवचनाची खरी हानी पुढे माझ्या ध्यानात आली. सोपारा ओफीर असल्याच्या आनंदात सोपारा जे निःसंशय होते ते मी सांगितलेच नाही. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बौद्ध स्तूप उकलला. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेल्या कुप्या निघाल्या, भोवती बुद्धमूर्ती आणि अगदी आतल्या कुपीत भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. भुईगावला! ज्या गावात आपली नातीगोती आहेत, तिथे भारताच्या सर्वांत जुन्या राजाज्ञांपैकी एक दगडावर कोरलेली पडून होती, आणि मी शलमोनाचे सोने शोधत होतो.

क्लॅप यांच्या पुस्तकाचेही असेच काहीसे झाले आहे. उबारच्या झगमगाटात शिसरची विहीर झाकली गेली. मला विचाराल तर विहिरीचीच कथा मोठी आहे. ऊदाची झाडे धोफारच्या डोंगरांपलीकडच्या कोरड्या पट्ट्यात वाढतात. आपल्याकडच्या रानातील साळईचे ती भाऊबंद. (अरब ज्याला ‘ऊद’ म्हणतात तो अगरू होय. आपल्या मराठी बायबलातील ऊद म्हणजे त्यांचा ‘लुबान’. नावांनी किती फसावे!) सालीला छेद द्यायचा, पांढरा चीक ठिबकून सुकू द्यायचा आणि खरवडून घ्यायचा. हा सुकलेला चीक उंटांवरून उत्तरेला जाई तेव्हा पुढे पाण्याविना दिवसामागून दिवस काढायचे असत. अशा जागी जो विहीर राखील त्याच्या हाती साऱ्या तांड्यांचे प्राण. गढी तिच्यासाठी होती. स्तंभ नसतील, सोन्याच्या विटा नसतील. पण यरुशलेमच्या मंदिरात, रोमच्या देवळांत आणि पुढे आपल्या वेदीपुढे जो धूर चढला, त्यातला कितीतरी ऊद अशाच एखाद्या कोरड्या प्रदेशातील विहिरीचे पाणी पिऊन पुढे निघालेला असणार. यशयाच्या साठाव्या अध्यायात शबाहून सोने आणि ऊद घेऊन येणारे उंटांचे तांडे आहेत. ते पायी चालणारे, तहानलेले उंट आहेत, हे मला हे पुस्तक वाचल्यावर प्रथम जाणवले. त्यासाठी मी क्लॅप यांचा ऋणी आहे.

ऊद समुद्रमार्गेही जाई, आणि तिथे आपला किनारा खरोखरच कथेत येतो. फळी टाकण्याची गरज पडत नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नाविकाच्या वहीत सुप्पाराची, म्हणजे सोपाऱ्याची नोंद आहे. त्याच वहीत धोफारच्या किनाऱ्यावरील मोशा बंदराविषयी लिहिले आहे, की भरूचकडून आणि मलबारकडून येणारी तारवे उशीर झाला तर तिथेच हंगाम काढीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन ऊद घेत. हे मोशा म्हणजे आजचे खोर रोरी, जुने नाव सुम्हुराम, असे बहुतेक विद्वान मानतात. १९५०च्या दशकात वेंडेल फिलिप्स यांच्या पथकाला तिथे कांस्याची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिळाचे तेल घेऊन गेलेल्या कोणा खलाशाने ती नेली असेल काय? पाहा, पुन्हा कल्पना धावू लागली. पेरिप्लसमध्ये त्या व्यापाराच्या संदर्भात सोपाऱ्याचे नाव नाही, तेव्हा इथे थांबलेले बरे.

युनेस्कोने २००० साली शिसर, खोर रोरी, अल् बलीद आणि वादी दवकातील ऊदाची झाडे, अशा चार जागा मिळून जागतिक वारसा जाहीर केला. यादीत त्या समूहाचे नाव ‘ऊदाची भूमी’ असे आहे. आत शिसरच्या नावाला ‘वुबार’ हेही जोडलेले आहे; पर्यटकांना तेच हवे असणार.

हे पुस्तक आमच्या वाचकांनी वाचावे काय? इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी जरूर वाचावे. पहिले दोन भाग सावकाश वाचावेत, तिसरा कादंबरी म्हणून वाचावा. कुराणातील आद लोकांची कथा इशारा देण्यासाठी सांगितलेली आहे, पत्ता देण्यासाठी नव्हे. आपल्या मुस्लिम शेजाऱ्याच्या ग्रंथाला एवढा मान आपण द्यावा, निदान आपल्या उत्पत्तीच्या पुस्तकाला दिला जावा असे वाटते तेवढा. सदोमच्या कथेत अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर, पंचेचाळीस, चाळीस, आणि शेवटी दहा. त्या घासाघिशीचे खापर कोणत्याही टेकाडाखाली मिळणार नाही.

त्या तरुणाला मी एवढेच कळविले, की सदोमविषयी तू सुटीवर आलास म्हणजे बसून बोलू. तोवर एखाद्या शुक्रवारी शिसरला जाऊन ये. सोबत पुरेसे पाणी ने. तिथला खड्डा पाहा, आणि आसपास एखादा म्हातारा माणूस भेटला तर ह्या जागेला तुम्ही काय म्हणता, असे त्याला विचार. मागच्या आठवड्यात त्याचे उत्तर आले. तो जाऊन आला. म्हाताऱ्याने सांगितले म्हणे, की आम्ही ह्याला विहीर म्हणतो.